टर्मिनलमधला बांध: एडिटरला सरकवता येणारे कप्पे कसे जोडायचे

बोलीच्या नोंदी तपासायच्या म्हणजे एकाच वेळी दोन फायली डोळ्यांसमोर लागतात. डावीकडे मुलाखत ऐकून उतरवलेलं वाक्य, उजवीकडे त्याच वाक्यातल्या शब्दांना लावलेल्या खुणा: हे क्रियापद, हा प्रत्यय, हा शब्द तेलुगूतून आलेला, हा दखनीतून. आमच्याकडे नोंदी तपासणारे विद्यार्थी काही नांदेडचे, काही लातूरचे. फायली मात्र एकाच सर्व्हरवर. घरून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर एसएसएचने आत यायचं आणि टर्मिनलमध्येच काम करायचं, कारण तेवढंच नेटवर्कला झेपतं. म्हणून टर्मिनल एडिटरमध्ये शेजारी शेजारी दोन कप्पे आणि मधली रेघ हवी तशी सरकवता येणं, ही आमची रोजची गरज झाली.

इंग्रजीत या कप्प्याला पेन म्हणतात. लिहायच्या पेनशी घोळ नको, म्हणून या लेखात मी कप्पाच म्हणणार आहे. आणि मधल्या रेघेला बांध. आपल्याकडे बांध कोणी किती सरकवला यावरून काय काय होतं ते सांगायला नको. पुढे हा शब्द भलताच उपयोगी पडणार आहे.

पहिला प्रश्न तुम्ही विचारालच: विम आहे, ईमॅक्स आहे, टीमक्स आहे, मग स्वतः कशाला बनवायचं? प्रश्न रास्त आहे. नुसतं काम उरकायचं असेल तर विम उघडा, व्हीस्प्लिट करा, दोन्ही खिडक्यांत स्क्रोलबाइंड लावा, दोन्ही बाजू एकत्र सरकतील. टीमक्सने मात्र हे नीट जमत नाही. तो दोन वेगळे प्रोग्राम शेजारी ठेवतो, आणि डाव्या प्रोग्रामला उजव्यात काय चाललंय याचा पत्ता नसतो. तीच फाइल दोन्हीकडे उघडली तर तिच्या दोन वेगळ्या प्रती तयार होतात, आणि शेवटी सेव्ह करणाऱ्याची प्रत टिकते. स्वतः बनवायचं कारण वेगळं आहे. तपासणारा कुठे थांबला, कोणत्या शब्दावर किती वेळ गेला, खूण कितीदा बदलली, हे मला नोंदवायचं होतं. त्यासाठी एडिटरच्या पोटात शिरावंच लागतं. आणि एकदा शिरलं की एक गोष्ट दिसते जी बाहेरून दिसत नाही: कप्पे रंगवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

सुरुवातीला किलो घ्या. रेडिस बनवणाऱ्या साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी २०१६ मध्ये लिहिलेला हा छोटा एडिटर, सी भाषेत हजारेक ओळींचा. बाहेरची कुठलीही लायब्ररी नाही. एका दुपारी पूर्ण वाचून होतो. संशोधनाला लागणाऱ्या प्रत्येकाने असा एक तरी प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा असं माझं मत आहे, विषय कुठलाही असो.

किलोमध्ये एकच मोठं स्ट्रक्चर आहे आणि ते ग्लोबल आहे. त्यात कर्सर कुठे आहे, किती ओळी वर सरकवल्या, पडद्याची लांबी-रुंदी किती, फाइलच्या ओळी कोणत्या, फाइलचं नाव काय, सेव्ह व्हायचं बाकी आहे का, सगळं एकाच गाठोड्यात. एका कप्प्याला हे चालून जातं. दुसरा कप्पा आला की गाठोडं सोडावं लागतं, आणि त्याचे तीन ढीग करावे लागतात. पहिला ढीग मजकुराचा: ओळी, नाव, सेव्हची स्थिती. दुसरा दृश्याचा: कर्सर, किती सरकलं, पडद्यावरचा चौकोन कुठला. तिसरा टर्मिनलचा: एकूण आकार, तळाची संदेशाची ओळ. मग एकाच मजकुराची दोन दृश्यं असू शकतात. डाव्या कप्प्यात वर पाचवी ओळ, उजव्यात त्याच फाइलची पाचशेवी, आणि एका बाजूला ओळ खोडली की दुसऱ्या बाजूचा कर्सरही तेवढाच वर सरकायला हवा. हे शेवटचं वाक्य लिहायला सोपं आहे. कोडमध्ये त्यासाठी ओळ घालणाऱ्या आणि काढणाऱ्या प्रत्येक फंक्शनला त्या मजकुराची सगळी दृश्यं माहीत असावी लागतात. माझ्या अंदाजाने सगळ्या कामाचा निम्मा वेळ इथेच जातो, आणि या निम्म्या वेळात पडद्यावर नवीन काहीच दिसत नाही. गाईडला दाखवायला काही नसतं! तरी हे आधीच करा.

आता थोडा इतिहास, कारण त्यात एक गंमत आहे. ब्रॅम मूलेनार यांच्या विमला खिडक्या आल्या त्या ३.० आवृत्तीत, १९९४ साली. (नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही त्याच वर्षीचं.) पण त्या खिडक्या फक्त एकाखाली एक होत्या. शेजारी शेजारी खिडक्या यायला ६.० ही आवृत्ती उजाडावी लागली, म्हणजे २००१. मधे सात वर्षं गेली. एक रेघ आडवी आणि एक उभी, एवढाच तर फरक, मग उभी रेघ इतकी जड का?

उत्तर टर्मिनलच्या स्वभावात आहे. आज आपण ज्याला टर्मिनल म्हणतो तो डेकच्या व्हीटी१०० या १९७८ सालच्या यंत्राचा वारस आहे. ते यंत्र ओळींच्या हिशेबात विचार करतं. ‘या ओळीपासून त्या ओळीपर्यंतचा भाग वर सरकव’ ही आज्ञा त्याला कळते. ‘कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत पूस’ हीसुद्धा कळते. कप्पे एकाखाली एक असतील तर पडद्यावरची प्रत्येक ओळ पूर्णपणे एकाच कप्प्याच्या मालकीची असते, म्हणून या दोन्ही आज्ञा आहेत तशा वापरता येतात. कप्पे शेजारी आले की एका ओळीचे दोन मालक झाले. डाव्या कप्प्यातली ओळ पुसायला ओळीच्या शेवटापर्यंत पुसण्याची आज्ञा दिली, तर उजव्याचं पीकही साफ. वर सरकवायला सांगितलं तर दोन्ही सरकतात. डावी-उजवी हद्द ठरवून देण्याची सोय डेकने पुढे व्हीटी४०० मालिकेत दिली, पण प्रत्येक टर्मिनल ती पाळेल असं धरून चालता येत नाही. म्हणून उभ्या बांधासाठी ठरावीक तेवढीच घरं पुसायची, किंवा मोजून रिकाम्या जागा लिहायच्या, आणि सरकवायचं असेल तर कप्पा नव्याने रंगवायचा. किलो तसाही दर वेळी सगळा पडदा नव्याने रंगवतो, त्यामुळे त्याचं फार अडत नाही. फक्त त्यातली ओळीच्या शेवटापर्यंत पुसणारी आज्ञा शोधून काढून टाका.

एक इशारा. विम ज्याला व्हर्टिकल म्हणतो त्यालाच टीमक्स हॉरिझॉन्टल म्हणतो. एक जण बांधाची दिशा सांगतो, दुसरा कप्प्यांच्या मांडणीची. पेपर लिहिताना हे शब्द वापरणार असाल तर कोणता अर्थ घेतलाय ते पहिल्यांदाच लिहून ठेवा, नाहीतर परीक्षक आणि तुम्ही वेगवेगळ्या पडद्याबद्दल भांडत बसाल.

आता मूळ विषय, बांध सरकवणं. कप्प्यांची मांडणी झाडासारखी ठेवायची. प्रत्येक गाठ एकतर ‘रांग’ असते, म्हणजे तिची पोरं शेजारी शेजारी, किंवा ‘थप्पी’ असते, म्हणजे पोरं एकाखाली एक. नाहीतर ती पान असते, म्हणजे खराखुरा कप्पा. विमच्या आतही हेच तीन प्रकार आहेत, टीमक्समध्येही. प्रत्येक गाठीला दोनच पोरं ठेवावीत असा मोह होतो, कारण बायनरी ट्री आपण परीक्षेसाठी घोकलेला असतो. तो टाळा. तीन सारखे कप्पे हवे असतील तर दोन पोरांच्या झाडात पहिल्याला एक तृतीयांश, उरलेल्या जोडीला दोन तृतीयांश, आणि जोडीत निम्मं-निम्मं असा हिशेब करावा लागतो. त्यात जोडीबाहेरचा कप्पा बंद केला की एक उत्तर येतं, जोडीतला बंद केला की दुसरं. एका गाठीला कितीही पोरं चालतील असं ठेवलं तर तिन्ही भाऊ एकाच पातळीवर राहतात.

मग प्रत्येक पोराबरोबर काय साठवायचं? बहुतेक जण रुंदी साठवतात: हा कप्पा ६० कॉलम, तो ३९. बघा काय होतं. टर्मिनल १०० कॉलमचं आहे, एक कॉलम बांधाचा, उरले ९९, वाटणी ६० आणि ३९. आता खिडकी लहान करून ५० कॉलम केली. उरले ४९. डाव्याला ६० गुणिले ४९ भागिले ९९, म्हणजे २९.६९, पूर्णांक २९. उजव्याला उरलेले २०. खिडकी परत मोठी केली: २९ गुणिले ९९ भागिले ४९, म्हणजे ५८.५९, पूर्णांक ५८. उजव्याला ४१. आणखी एकदा लहान-मोठं केलं की ५६. प्रत्येक फेरीत डाव्याचे दोन कॉलम उजव्याच्या शेतात जातात, आणि बांध कोणी हलवलेलाच नाही! जवळच्या पूर्णांकात बदलून बघा, दोष कमी होईल, जाणार नाही.

याचा इलाज आपल्याला घरूनच माहीत आहे. जुन्या सातबाऱ्यावर भावांचा हिस्सा आण्यांत लिहिलेला असायचा: याचे दहा आणे, त्याचे सहा आणे. रस्त्यात जमीन गेली, क्षेत्र कमी झालं, तरी आणे तेच राहतात. प्रत्येकाच्या वाट्याला किती गुंठे आले ते नव्याने काढायचं. एडिटरमध्येही तसंच करायचं. झाडात फक्त हिस्सा साठवायचा. रुंदी ही हिस्सा आणि त्या क्षणीचा पडदा यांच्यावरून दर वेळी नव्याने काढायची, आणि ती कधीही हिश्श्यावर उलटी लिहायची नाही. मग पडदा कितीदाही लहान-मोठा होऊ दे, १०० कॉलमला परत आला की ६० आणि ३९ हेच उत्तर येणार.

पूर्णांकांचा प्रश्न उरतोच. तीन सारखे कप्पे आणि १०० कॉलम: दोन बांध वजा केले की ९८, प्रत्येकी ३२.६७. आधी प्रत्येकाला ३२ द्या, उरलेले दोन कॉलम ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना एकेक. बरोबरी असेल तर डावीकडून. उत्तर ३३, ३३, ३२. कॉलम वाया जात नाही, बेरीज नेहमी जुळते.

हिस्सा बदलतो तो वापरणाऱ्याने बांध मुद्दाम ओढला तरच. तेव्हाही फक्त दोन शेजाऱ्यांचा. त्या दोघांच्या हिश्श्यांची बेरीज तशीच ठेवायची आणि नव्या रुंदीच्या प्रमाणात ती दोघांत वाटायची, म्हणजे बाकी भावकीला धक्का लागत नाही. माऊसने ओढायचं असेल तर टर्मिनलला माऊसच्या घटना पाठवायला सांगता येतं, बटण दाबून हलवल्याच्या घटनाही येतात, आणि हे एसएसएचवरूनही चालतं. पण आमच्याकडे सगळे कीबोर्डच वापरतात, कारण हॉटस्पॉटवर माऊसचा बांध मागून फरफटत येतो. कीबोर्डच्या बाबतीत एक प्रश्न आधीच सोडवा: ‘मोठा कर’ म्हटल्यावर कोणता बांध हलणार? मी असं ठेवलंय की चालू कप्प्यापासून झाडात वर वर जायचं, त्या दिशेची पहिली गाठ सापडली की तिच्यातल्या आपल्या फांदीचा उजवा बांध हलवायचा. फांदी शेवटची असेल तर डावा.

कमीत कमी रुंदीचंही असंच. समजा दहा कॉलमपेक्षा कमी कप्पा कामाचा नाही असं ठरवलं. पडदा फार लहान झाला तर रुंदी काढताना ही मर्यादा लावा, हिश्श्याला हात लावू नका. सगळ्यांची किमान बेरीजच पडद्यात बसत नसेल तर फक्त चालू कप्पा पूर्ण पडद्यावर दाखवा. कोणी फोनवरून टर्मिनल उघडलं तर नेमकं हेच होतं. झाड शाबूत असतं, मोठ्या पडद्यावर परत आलं की मांडणी जशीच्या तशी.

कप्पा बंद केला की त्याचं पोर काढून टाका. बाकीच्यांची वाटणी त्यांच्या हिश्श्यांच्या प्रमाणात आपोआप होते. एकच पोर उरलं तर मधली गाठ काढून पोराला तिच्या जागी बसवा. ते पोर स्वतः आजोबांच्याच दिशेची गाठ असेल तर त्याची पोरं आजोबांकडे द्या, पण हिस्से मोजून: काढलेल्या गाठीचा हिस्सा ४० आणि आतल्या पोरांत १ ला ३ असं प्रमाण असेल, तर १० आणि ३०.

पडद्याचा आकार बदलला हे कळतं कसं? युनिक्समध्ये त्यासाठी सिगविंच नावाचा सिग्नल येतो. एसएसएचच्या नियमावलीतही खिडकीचा नवा आकार पलीकडे कळवायची सोय आहे, म्हणून लातूरला खिडकी ओढली की सर्व्हरवरच्या एडिटरलाही सिग्नल पोचतो. सिग्नल हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये एक झेंडा वर करण्यापलीकडे काहीही करू नका. रंगवायचं काम मुख्य लूपने झेंडा बघून करावं. रंगवता रंगवता मधेच सिग्नल आला आणि त्यानेही रंगवायला घेतलं तर पडद्यावर काय दिसेल याचा भरवसा नाही.

इथपर्यंत सगळं इंग्रजी मजकुराला पुरतं. खरी कसोटी पुढे आहे, आणि मराठीत काम करणाऱ्याला ती चुकवता येत नाही.

किलो बाइट मोजतो. ‘नांदेड’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १८ बाइटचा आहे, कारण देवनागरीचा प्रत्येक कोड तीन बाइट घेतो. कोड मोजले तर सहा: न, काना, अनुस्वार, द, एक मात्रा, ड. आपण वाचताना अक्षरं मोजतो तीन: नां, दे, ड. आणि टर्मिनलच्या पडद्यावर तो किती घरं व्यापतो? डब्ल्यूसीविड्थ नावाचं जे जुनं फंक्शन बहुतेक ठिकाणी वापरतात, त्याच्या नेहमीच्या नियमाने चार. १८, ६, ४ आणि ३, एकाच शब्दाची चार मापं. ‘लातूर’चं बघा: १५ बाइट, ५ कोड, ४ घरं, ३ अक्षरं. आमच्या नोंदींत पानोपानी येणारं ‘करूलालास’ घ्या: २४ बाइट, ८ कोड, ७ घरं, ५ अक्षरं.

घरांचा नियम असा आहे. युनिकोडने स्वरचिन्हांचे दोन गट केलेत. काना, पहिली आणि दुसरी वेलांटी, ओ-औची चिन्हं, विसर्ग ही जागा घेणारी चिन्हं, त्यांना एक घर. उकार, एक आणि दोन मात्रा, अनुस्वार, हलन्त ही जागा न घेणारी, त्यांना शून्य. म्हणून ‘का’ दोन घरं आणि ‘के’ एक. ‘क्षेत्र’ चार घरं: क, ष, त, र यांना एकेक, दोन हलन्त आणि एक मात्रा फुकट. डोळ्यांना मात्र तिथे दोनच अक्षरं दिसतात. काही नवी टर्मिनलं अख्खं अक्षर हे एकक धरून घरं मोजतात, त्यांचं उत्तर वेगळं येऊ शकतं. त्यात युनिकोडच्या नियमानेही अक्षराची व्याख्या बदलली आहे: सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून देवनागरीतलं जोडाक्षर सुट्टं न करता एकच एकक धरायचं असं ठरलं. त्याआधीच्या नियमाने ‘क्षेत्र’ची एककं चार होत होती, आता दोन. म्हणजे लायब्ररीची आवृत्ती बदलली की तुमच्या मोजणीचा निकाल बदलतो. प्रबंधात आकडे देणार असाल तर आवृत्ती लिहाच.

हा प्रश्न आजचा नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट तंत्रज्ञान नेमकं हेच काम करत होतं: इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटींच्या पडद्यावर देवनागरी बसवणं. त्या काळचं इस्की मानक, आयएस १३१९४, हे १९९१ चं. त्यात प्रत्येक चिन्हाला एक बाइट होता, त्यामुळे बाइट आणि कोड यांतला फरक नव्हता. पण कोड आणि घरं यांतला होताच. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरून घेतली, आणि हा तिढाही सोबत आला.

माप चुकलं तर बिघडतं काय? एकच कप्पा असताना कर्सर एखाद-दोन घरं इकडे तिकडे दिसतो, माणूस वैतागतो, चालवून घेतो. दोन कप्प्यांत नुकसान मोठं आहे. एडिटरला वाटतं डाव्या कप्प्यातली ओळ ४० घरांत बसली, टर्मिनलच्या मते ती ४३ घरं झाली. मग बांध त्या ओळीवर तीन घरं उजवीकडे ढकलला जातो, उजवा मजकूर सरकतो, आणि रेघ दातेरी दिसते. हे निदान डोळ्यांना कळतं तरी. वाईट प्रकार दुसरा आहे: कर्सर ‘ड’वर दिसतोय, एडिटरच्या हिशेबात तो ‘दे’वर आहे, आणि तपासणाऱ्याने ‘इथून प्रत्यय सुरू’ अशी खूण केली. फाइलमध्ये खूण एक अक्षर आधी लागली. पडद्यावर काहीच तुटलेलं दिसत नाही. ‘करूलालास’मध्ये धातू कुठे संपतो आणि पुढचं रूप कुठे सुरू होतं हाच ज्याचा संशोधनाचा प्रश्न आहे, त्याच्यासाठी ही चूक म्हणजे निकालच वेगळा. आणि दोन तपासणारे वेगवेगळी टर्मिनलं वापरत असतील, तर त्यांच्या खुणांमधला फरक भाषेचा नसून टर्मिनलचा असू शकतो. दोघांची सहमती मोजणारा कप्पाचा आकडा (हा ग्रीक कप्पा, आपला नव्हे!) खाली येईल, आणि कारण तुम्ही बोलीत शोधत बसाल.

उपाय तीन आहेत, तिन्ही लागतात.

माप विचारून घ्या. टर्मिनलला कर्सरची जागा विचारता येते. पहिल्या कॉलमवर जा, शब्द लिहा, मग एस्केप, चौकटी कंस, ६, एन ही चिन्हं पाठवा. टर्मिनल ओळ आणि कॉलम उत्तरात पाठवतं. कॉलममधून एक वजा केला की त्या टर्मिनलच्या मते शब्दाची रुंदी. एडिटर सुरू होताना पंधरा-वीस शब्दांची अशी चाचणी घ्या आणि आपल्या तक्त्याशी ताडून बघा. उत्तर कीबोर्डच्याच वाटेने येतं, त्यामुळे टायपिंगमध्ये मिसळू नये म्हणून ही चाचणी पहिल्यांदाच उरका. जुळलं नाही तर वापरणाऱ्याला स्पष्ट सांगा, आणि टर्मिनलचं नाव नोंदींच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. चाचणीत ‘दऱ्या’सारखा शब्द जरूर घ्या. आपला तो अर्धा र कधी नुक्त्याच्या र-ने टाइप होतो, कधी साध्या र-ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे, कोड वेगळे.

दुसरं, बांधाची जागा मजकुराच्या भरवशावर सोडू नका. डावा कप्पा लिहून झाल्यावर कर्सर आता बांधावर आला असेल असं धरायचं नाही. कर्सर थेट त्या ओळीच्या त्या कॉलमवर न्यायचा आणि बांध काढायचा, मग तसाच थेट उजव्या कप्प्याच्या सुरुवातीला. क्रम असा: आधी कप्प्याची घरं पुसा, डावा मजकूर, बांध, उजवा मजकूर. डावा मजकूर दोन घरं सांडला तरी त्यावर बांध आणि उजवा मजकूर लिहिला जातो, गडबड एका कप्प्यात कोंडली जाते. दर ओळीला काही बाइट जास्त जातात, तेवढे हॉटस्पॉटलाही परवडतात.

तिसरं, कप्प्याच्या काठावर अक्षर तोडू नका. एक घर उरलंय आणि पुढे ‘का’ आहे, तर क लिहून काना सोडायचा नाही. ते घर रिकामं ठेवा. आडवं सरकवताना डाव्या काठालाही हाच नियम, नाहीतर ओळीच्या सुरुवातीला टिंबांच्या वर्तुळावर लटकलेली वेलांटी दिसते. कर्सरही अक्षरावरून अक्षरावर उडाला पाहिजे, कोडवरून कोडवर नाही. पण खोडताना मी उलट ठेवलंय: बॅकस्पेसने शेवटचा कोडच जातो, कारण ‘दे’चं ‘दा’ करायला माणसाला पूर्ण अक्षर पुन्हा टाइप करायचं नसतं. यावर आमच्यात एकमत नाही. लातूरच्या दोघी म्हणतात पूर्ण अक्षर गेलं पाहिजे.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ‘मी कप्पे असलेला एडिटर बनवला’ हा संशोधन प्रश्न होत नाही, समितीसमोर तो घेऊन जाऊ नका. प्रश्न असे होतात: शेजारी शेजारी बघून केलेल्या खुणा आणि एकामागोमाग एक फाइल उघडून केलेल्या खुणा, यांत तपासणाऱ्यांची आपसातली सहमती बदलते का? घरांच्या मापातला फरक खुणांच्या सीमांमध्ये किती उतरतो? हे दोन्ही मोजता येतात. मोजायचं असेल तर एडिटरने प्रत्येक खुणेबरोबर त्या क्षणीची कप्प्याची रुंदी, टर्मिनल आणि युनिकोडची आवृत्ती नोंदवली पाहिजे, आणि खूण नेहमी मजकुरातल्या कोडच्या क्रमांकाने साठवली पाहिजे, पडद्यावरच्या घराने कधीच नाही.

एक भाग मी मुद्दाम बाहेर ठेवलाय. देगलूर-बिलोलीकडच्या नोंदींत तेलुगू शब्द येतात, उदगीर-निलंग्याकडे कन्नड. त्यांना वरचेच नियम लागतात, तक्ता तेवढा वेगळा. नांदेड शहरातल्या नोंदींत मात्र उर्दू लिपीतली वाक्यं आहेत, उजवीकडून डावीकडे जाणारी. कप्प्याच्या आत दिशा कोणी उलटवायची, एडिटरने की टर्मिनलने, यावर टर्मिनलांचं एकमत नाही. दोघांनीही उलटवली तर वाक्य पुन्हा सरळ होऊन चुकीचं दिसतं. तूर्त आमच्या एडिटरमध्ये अशा ओळी आहेत तशा, कोडच्या क्रमाने आणि वेगळ्या रंगात दिसतात, आणि त्या फाइली तपासायचं काम उर्दू वाचणाऱ्या एकाच विद्यार्थ्याकडे आहे.